उलटं पिकणारं सीताफळ

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की ‘नकाशे काढते’ असं सांगून मी मोकळी होते. एरवी एवढ्यावर लोक मान डोलावून विषय बदलतात. मांजरसुंब्याच्या चौकात मात्र तसं झालं नाही. पुण्याहून अंबाजोगाईला निघालेल्या एसटीतून उतरून मी चहाच्या गाड्यापाशी उभी होते. मी नकाशाचं सांगताच चहावाल्याने माझ्या हातातल्या थर्माकोलच्या खोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कुणाचा बांध मोजायला आल्यात, मॅडम?”

“बांध नाही हो. सीताफळ.”

“सीताफळाची बी मोजणी निघाली का?” त्याने कप पुढे केला. “मंग जरा संभाळून. आमच्याकडं मोजणी झाली की भांडण मिटत न्हाई, वाढतंय.”

मी हसले. पुढे त्याचंच खरं झालं.

आधी हे नकाशाचं प्रकरण सांगते. एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. गावातल्या प्रत्येक घरात पाककृतींचं तेच एक पुस्तक आहे, पण आज कुणाकडे आमटी शिजतेय, कुणाकडे पुरणपोळी, तर कुणाकडे चूलच पेटलेली नाही. पेशींचं असंच असतं. जनुकांचं पुस्तक सगळीकडे सारखं, पण कुठल्या पेशीने कुठलं पान उघडलंय ते वेगळं. पूर्वी आम्ही सगळ्या गावाचं जेवण एका पातेल्यात ओतून चव बघायचो. काय काय शिजलंय ते कळायचं, कुणाच्या घरी शिजलंय ते कळायचं नाही. आता फळाचा पातळ काप एका खास काचेवर ठेवतात. त्या काचेच्या कणाकणाला स्वतःचा पत्ता असतो. कापातल्या जनुकांचे निरोप त्या पत्त्यांना चिकटतात आणि मग माझा प्रोग्रॅम ते लाखो निरोप आपापल्या घरी परत नेऊन चित्र काढतो. नुसतं पान उघडलं म्हणजे पदार्थ झाला असं नाही, म्हणून शेजारच्या कापात प्रथिनंही बघतो. ते म्हणजे ताटात काय पडलं ते बघणं.

अडचण एवढीच, की त्या काचेवर नखाएवढा तुकडा मावतो. अख्ख्या सीताफळाचा नकाशा करायचा तर तुकडे घ्यायचे, प्रत्येकाच्या नळीवर तो कुठल्या बाजूचा ते लिहायचं आणि मग प्रोग्रॅमने ते जोडायचे. आम्ही तीन नावं ठरवली होती. तोंड, पोट आणि बूड. नावं मराठीत असावीत हा हट्ट माझा. मला त्याचा अभिमानही होता.

पहिल्या वर्षीचे तुकडे आमच्या संस्थेच्या बागेतले, मीच कापलेले. दुसऱ्या वर्षीचे बीडहून आले. पाठवणारी समीना, माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. तिचे वडील हमीदभाई मांजरसुंब्याला फळांचा धंदा करतात. निरोप फार लवकर विरून जातात, म्हणून बापलेकीने बागेतच तुकडे कापून गोठवले आणि पुण्याला आणले. नकाशे जोडले तर चमत्कार दिसला. आमच्या बागेतलं फळ देठाकडून पिकायला लागून शेंड्याकडे जात होतं. बीडचं शेंड्याकडून देठाकडे. एकच जात, एकच महिना आणि पिकणं मात्र उलटं.

समीनाच्या प्रबंधाचा मुख्य भाग यावरच उभा राहिला. आमच्या विभागप्रमुखांना मात्र ते पचलं नाही. “या बीडच्या माहितीला शेंडा ना बुडखा,” ते म्हणाले. “वाटेत तुकडे खराब झाले असणार. काढून टाका.” काढून टाकायचे तर समीनाची दोन वर्षं पाण्यात. ठेवायचे तर उद्या कुणी खोटं पाडलं की त्याहून वाईट. निर्णय माझ्यावर आला. मी म्हटलं, आधी जाऊन बघते. समीना सुट्टीत घरी गेलेली होतीच.

ते थर्माकोलचं खोकं म्हणजे माझी सगळी तयारी. त्यात कोरडा बर्फ होता. नवे तुकडे माझ्या डोळ्यांदेखत कापून न्यायचे असा बेत होता. येताना जामखेडला गाडीत एक आजी चढल्या. जागा नव्हती, तर त्या माझ्याशी एक अक्षर न बोलता खोक्यावर बसल्या. झाकण कर्रकन वाजलं. फटीतून पांढरी वाफ निघाली तसा कंडक्टर धावत आला.

“धूर कावून निघतोय ह्यातून?”

“बर्फ आहे,” मी म्हणाले.

“बर्फातून धूर?”

“गार लागतंय लई,” आजी समाधानाने म्हणाल्या आणि पाटोद्यापर्यंत उठल्या नाहीत. मांजरसुंब्याला मी खोकं उघडलं तेव्हा आत बर्फ म्हणावा असा काहीच उरला नव्हता. म्हणजे नवे तुकडे नेणं संपलं. आता फक्त डोळे उघडे ठेवायचे.

हमीदभाईंचं घर

चिपळूणला आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार ना?’ असं विचारतात. त्याला नाही म्हणायची वाट मोकळी राहावी, हा त्यातला सभ्यपणा. समीनाच्या घरी तशी वाट नव्हती. मी चप्पल काढेपर्यंत ताट आलं. मसुराची पिवळी खिचडी आणि सोबत वाटीत खट्टा. तीळ, चिंच, कांदा आणि मिरची यांचं ते गार, आंबट सार खिचडीवर ओतलं आणि मी कशासाठी आले ते घटकाभर विसरले. समीनाची अम्मी जुलेखाबी दाराला टेकून उभ्या होत्या. माझी वाटी अर्धी झाली की बोलता बोलता भरत होत्या. कोकणात सोलकढीचं कौतुक करत मी मोठी झाले. त्या दिवशी माझी निष्ठा जरा डळमळली.

हमीदभाई आले ते दोन्ही हातांत फळं घेऊनच. उंच, पिकल्या दाढीचे, बोलताना समोरच्याच्या खांद्यामागे कुणी ऐकतंय का हे बघणारे. त्यांना श्रोते लागतात.

“मॅडम, तुमी आलात, लई बरं झालं,” ते म्हणाले. “इथं कुणाला खरंच वाटत न्हाई. म्या सांगतो, पुऱ्या महाराष्ट्राचं सीताफळ एका तऱ्हेनं पिकतंय अन् आमचं उलटं पिकतंय. मशिनीत निघालंय म्हणलं. माझ्याच पोरीनं काढलंय!”

“सगळ्यांना सांगितलंत?” मी जरा चाचरतच विचारलं.

“सगळ्यांना! सिरसाळ्याला गेलतो, तिथल्या व्यापाऱ्यांना सांगितलं. वडवणीच्या बाजारात तर लोक नाव घेऊन इचारतेत, ते उलटं पिकणारं हाय का म्हणून. बालाघाटाचा काळा दगुड हाय ना, त्याची ऊब खालून लागती. म्हणून शेंड्याकडून पिकतंय.”

कारणही त्यांनी शोधून ठेवलं होतं. मी समीनाकडे पाहिलं. ती ताटाकडे बघत होती. पोरीची दोन वर्षं अडकलीत एवढं मला माहीत होतं. बापाची अब्रूही त्याच नळ्यांत अडकलीय, हे तेव्हा कळलं.

बागेत

सकाळी टेम्पोने बागेत गेलो. पाऊस सरून गवत पिवळं पडायला लागलं होतं. डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या आणि उतारावर काळ्या दगडांच्या फटीफटीतून सीताफळाची झाडं उगवलेली. कुणी लावलेली, कुणी नुसतीच आलेली. आमच्याकडे हापूसच्या बागेत एक दरारा असतो, मालकाच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. इथे झाड माणसाच्या खांद्याएवढं. चालता चालता फळ हाताला लागतं. हवेला गोडसर वास होता आणि मला उगाचच फार बरं वाटत होतं.

बाग विष्णू आबांची. हमीदभाई दरवर्षी त्यांच्याकडून झाडावरचा माल घेतात. दोघांचं इतक्या वर्षांचं, की बोलणं चालू आहे की भांडण, हे बाहेरच्याला ओळखू येत नाही. आबांनी मला फळं दाखवली. कच्च्या फळाच्या सालीवरचे डोळे घट्ट मिटलेले असतात. मग डोळ्यांमधल्या रेषा रुंदावतात, पिवळसर होतात. याला इथे ‘डोळे उघडले’ म्हणतात. डोळे उघडले की फळ उतरवायचं.

समीनाने कापायची जागा दाखवली, सुरी दाखवली, नळ्या कशा भरल्या तेही करून दाखवलं. मला खोट काढता येईना. काम चोख होतं. म्हणजे तुकडे खराब नव्हते. मग फळ खरोखरच उलटं पिकतं की काय? माझंही मन हमीदभाईंच्या काळ्या दगडाकडे झुकायला लागलं.

झाडाखाली बायका क्रेट भरत होत्या. हमीदभाई त्यांच्या डोक्यावर उभे. “बुडावर ठिवा, बुडावर! तोंडावर पडलं की काळं पडतंय.”

बायका फळ उचलत, फिरवत आणि ठेवत. मी बघत होते. ठेवलेल्या प्रत्येक फळाचा देठ खाली होता.

“हमीदभाई,” मी म्हणाले, “तुम्ही बुडावर ठेवा म्हणताय आणि त्या तर देठावर ठेवतायत.”

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. “मंग? देठाकडंच बूड असतंय की.”

“ये हमीद,” आबा मागून गरजले, “देठाकडं बूड कसं बे? फळ लटकतंय तवा बूड खाली न्हाई का? देठाकडं त्याचं तोंड. तिथूनच खातंय ते झाडाचं.”

अगदी माझं मत. नळ्यांवरची नावं ठरवताना मी हेच म्हटलं होतं. फळ झाडाकडून जिथून जेवतं, ते तोंड.

“लटकतंय तवा काय बी असू द्या,” हमीदभाई म्हणाले. “तुमचं बूड कुठं असतंय, आबा? ज्याच्यावर बसता तेच का न्हाई?”

“म्या झाडाला लटकत न्हाई बे!”

“म्हणून तर तुमाला कळत न्हाई!”

बायका क्रेट सोडून हसायला लागल्या. इतकी वर्षं एकाच बागेत व्यवहार करणाऱ्या या दोघांचं बूड वेगवेगळ्या टोकाला होतं आणि त्यांना ते आज कळत होतं. झाडावर फळ बघणाऱ्याचं बूड शेंड्याकडे, पाटीत फळ बघणाऱ्याचं देठाकडे. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते फक्त आमच्या नकाशाचं.

समीना हसत नव्हती. हातातलं फळ तिने तळव्यावर देठ खाली करून ठेवलं होतं. ते तसंच स्थिर बसलं होतं.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “मी पण लहानपणापासून यालाच बूड म्हणते.”

बाजेवर

दुपारी तिच्या अंगणातल्या बाजेवर आम्ही लॅपटॉप उघडला. बीडच्या नळ्यांवरचं तोंड आणि बूड यांची अदलाबदल केली की नकाशे जुळणार हे उघड होतं. मी त्यासाठी बोट पुढे केलं तर समीनाने माझा हात धरला.

“असं नको. जुळावं म्हणून नावं बदलली, असं होईल ते. आधी खात्री करू.”

मला तिचा मनापासून अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. खात्री झाली तर तिचाच शोध जाणार होता. माझा प्रोग्रॅम सगळ्यावर शंका घेतो, फक्त आम्ही दिलेल्या नावांवर घेत नाही. ती शंका आता तिने घेतली.

“फोटो,” ती म्हणाली.

प्रत्येक तुकडा काचेवर ठेवला की आधी त्याचा फोटो काढतात. निरोप कुठे बसवायचे ते प्रोग्रॅमला कळावं म्हणून. ते फोटो आम्ही माणसांनी कधी नीट पाहिलेच नव्हते. सीताफळ फोडलं की देठाबरोबर मधला पांढरा दांडा बाहेर येतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्या दांड्याचे जाड धागे देठाकडच्याच गरात असतात. समीना एकेक फोटो मोठा करत गेली. बीडचं बूड, धागे. बीडचं बूड, पुन्हा धागे. बीडचं तोंड, नुसता मऊ गर. एकही अपवाद नाही. आमच्या बागेतल्या तुकड्यांत नेमकं याच्या उलट.

मग तिनेच नावं बदलली आणि प्रोग्रॅम सुरू केला. लॅपटॉप तापला, त्याचा पंखा घरघरायला लागला, जुलेखाबींनी तो बंद पडेल या भीतीने त्याला पुठ्ठ्याने वारा घातला. हमीदभाई असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज पढून परत आले तेव्हा पडद्यावर नकाशा उमटत होता. पुण्याचे आणि बीडचे सगळे तुकडे एकमेकांना लागून बसले. पिकण्याचा निरोप देठाकडून निघून डोळ्याडोळ्यांतून शेंड्याकडे जाताना दिसत होता, कुठे अडखळत नव्हता. इतका स्वच्छ नकाशा मी या कामात पहिल्यांदाच पाहिला. बीडचा एकही तुकडा टाकायची गरज नव्हती.

“सुंदर आहे गं,” मी म्हणाले.

“हो ना,” समीना म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मला वाटलं होतं जास्त वाईट वाटेल. अब्बांना कसं सांगू पण?”

अब्बा पाठीशीच उभे होते.

तिने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पडद्याकडे बोट केलं. “म्हंजे आमचं फळ बी तुमच्या फळावानीच पिकतंय?”

“हो, अब्बा.”

“मंग उलटं काय व्हतं?”

“आपला शब्द.”

त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने उगाचच एक फळ पुसलं. “सिरसाळ्यापोत्तर सांगून आलो म्या,” ते म्हणाले. आतून जुलेखाबींचा आवाज आला, “मैं तो पहलेच बोली थी, इत्ता नक्को बोलो बोलके.” हमीदभाई टेम्पोकडे निघून गेले ते रात्री जेवायलाच परतले. मला त्या दिवशी खट्टा गोड लागला नाही.

वडवणी

दुसऱ्या दिवशी वडवणीचा आठवडी बाजार. मी परत निघणार होते, पण हमीदभाईंनीच “चला, बीडला सोडतो येताना” म्हणून टेम्पोत बसवलं. वाटेत ते फक्त रस्त्याकडे बघत टेम्पो हाकत होते. समीना आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

बाजार भरला. मिरच्या, कांदे, दोरखंड, बांगड्या. हमीदभाईंनी फळं मांडली, सगळी बुडावर, म्हणजे त्यांच्या बुडावर. पहिलं गिऱ्हाईक आलं. डोक्याला पटका, हातात पिशवी.

“हमीदभाई, हेच का ते उलटं पिकणारं?”

समीनाने माझा दंड घट्ट धरला. हमीदभाईंनी त्या माणसाच्या खांद्यामागे पाहिलं. तिथे आणखी चारपाच जण थांबले होते. ते एकदा खाकरले.

“न्हाई,” ते मोठ्यांदा म्हणाले. “तसं म्या बोललो व्हतो, ते चूक निघालं. फळ सरळ हाय. ह्या मॅडम पुण्याहून मुद्दाम आल्यात त्यासाठी. माझ्या पोरीनं मशिनीत एकेक तुकडा तपासला. देठापासून शेंड्यापोत्तर एकदम सरळ! असं तपासलेलं फळ दुसऱ्या कुणाकडं असंल तर दाखवा.”

“मंग उलटं काय व्हतं?” कुणीतरी विचारलं.

“आबाचं बूड,” हमीदभाई म्हणाले.

हशा पिकला. समीना इतकी हसली की तिला क्रेटवर बसावं लागलं. मीही हसले. एवढ्या लोकांसमोर आपलं बोलणं मागे घ्यायला किती बळ लागतं, ते मला आमच्या परिषदांमधून चांगलं ठाऊक आहे. तिथे ते क्वचितच कुणी करतं. दुपारपर्यंत निम्मा टेम्पो रिकामा झाला. बीडच्या स्टँडवर त्यांनी माझ्या हातात एक फळ ठेवून मला निरोप दिला. “दोन दिसांत डोळे पिवळे व्हतील. बुडावर ठिवा.”

घरी

समीनाने आता नळ्यांवरची नावं बदलली आहेत. देठ, मध्य आणि शेंडा. त्यावर कुणाचंही दुमत नाही. प्रबंधातला तो भाग तिने नव्याने लिहिला. उलट्या फळाची कहाणी तिने गाळली नाही, सुरुवातीलाच प्रांजळपणे सांगितली आहे. विभागप्रमुखांनी वाचून एवढंच म्हटलं, “आता शेंडा-बुडखा दिसतोय.” तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेंडा एका टोकाला, तर बुडखा दुसऱ्या टोकाला, म्हणजे देठाकडेच! जन्मभर जो वाक्प्रचार मी सहज वापरला, तो हमीदभाईंच्या बाजूने साक्ष देत होता.

तरी माझा कोकणी हट्ट जात नाही. वडवणीहून परतले त्याच दिवशी हमीदभाईंनी दिलेलं ते फळ मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझ्या बुडावर ठेवलं. ते कलंडलं आणि गडगडत गॅसपाशी गेलं. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा कलंडलं. घरात कुणी बघत नाही अशी खात्री करून घेतली आणि देठ खाली केला.

बसलं.